एक प्लेट पूर्ण स्पर्धा

मी बी.कॉम. आहे ही गोष्ट बँकेत कुणाच्या लक्षात राहत नाही आणि घरी कुणी विसरू देत नाही. भाजीवाल्याने पाव किलो मिरचीत फसवलं की आमची ही म्हणते, "आणि म्हणे बी.कॉम.!" दुधाचा हिशेब चुकला, "बी.कॉम.!" रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त उकळले, "बी.कॉम.!" पंचवीस वर्षांत त्या पदवीचा याहून निराळा उपयोग झाल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी ती खरोखरच उपयोगी पडणार असं दिसलं तेव्हा मी जरा जास्तच हुरळलो आणि त्या हुरळण्यात एका बाईचा धंदा बसला. ती हकिगत सांगून टाकावी म्हणतो.

अर्थशास्त्राच्या पेपरात आम्हाला एक हमखास प्रश्न असे : पूर्ण स्पर्धेची वैशिष्ट्ये लिहा. पुष्कळ विक्रेते, पुष्कळ ग्राहक, सगळ्यांचा माल हुबेहूब सारखा, बाजारात शिरायची आणि बाहेर पडायची मोकळीक, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक. हे लिहून झालं की आमचे सर चष्मा काढत आणि म्हणत, "असा बाजार पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. पण परीक्षेत आहे, तेव्हा पाठ करा."

सरांनी आमच्या शाखेसमोरचा फुटपाथ पाहिला नव्हता. तिथे तर्री-पोह्यांच्या तीन गाड्या लागतात. नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की पोहे हा मूळचा गरीब स्वभावाचा पदार्थ. पुण्यात त्यावर खोबरं भुरभुरतात आणि तो आणखी गरीब होतो. आमच्याकडे त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, दुसऱ्याला नाकात, आणि तिसऱ्या घासाला माणूस म्हणतो, "भाऊ, तर्री मार अजून."

तीन गाड्यांपैकी एक निंबाखालची, एक विजेच्या खांबाजवळची आणि मधली मावशींची. निंबाखालचा बोलका. खांबाजवळचा अबोल. मावशी त्या जागेवर सगळ्यांत जुन्या. नवरा गेल्यावर त्याचीच गाडी त्यांनी पुढे ओढली. मी बदलून या शाखेत आलो तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला माझी एक प्लेट ठरलेली. कधी या गाडीवर, कधी त्या. मला वाटे, मी ग्राहकराजा असून बाजाराला शिस्त लावतो आहे.

एका सोमवारी तिन्ही गाड्यांवर पाटी लागली : 'पोहे २५ रु.' शुक्रवारपर्यंत वीस होते. आणि तिन्ही पाट्यांवरचं अक्षर एकच! खडूने लिहिलेला तोच पोट सुटलेला दोन आणि तोच लंगडा पाच. चौकशी केली तेव्हा कळलं, खांबाजवळच्याचा मुलगा आठवीत आहे, त्याचं अक्षर चांगलं म्हणून तिघांनी त्याच्याकडूनच पाट्या लिहून घेतल्या.

माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. मी निंबाखालच्याला विचारलं, "काय हो, तिघांनी मिळून ठरवलं का हे?"

"मंग काय सायेब! रईवारी बसलो नं तिघं जण. तेल पाहा, कांदा पाहा, ग्यास पाहा. एकट्यानं वाढवला भाव तं गिऱ्हाईक बाजूच्याकडे जाते. म्हून संगच वाढवला."

इतका निर्मळ कबुलीजबाब मी कुठे ऐकला नव्हता. स्पर्धा आयोगाला असला पुरावा मिळवायला कंपन्यांच्या कचेऱ्यांवर छापे घालावे लागतात, फोनच्या नोंदी आणि ईमेल उपसावे लागतात. २०१२ साली आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींवर दंड ठोकला, तेव्हा त्यांच्या संघटनेच्या बैठका, किमतीची चढउतार, कारखाने किती क्षमतेने चालले याचे आकडे असं सगळं जुळवून जुळवून निष्कर्ष काढावा लागला होता. मग २०१५ मध्ये तो आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने नव्याने दंड केला, पुन्हा अपील. आणि इथे एक गृहस्थ तर्री ढवळता ढवळता कलम तीनचा आख्खा गुन्हा मला सांगून मोकळा!

मी तिथेच व्याख्यान सुरू केलं. "अहो, याला कार्टेल म्हणतात. आमच्या वेळी १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा होता, एमआरटीपी म्हणायचे त्याला. तो मोठ्या माणसावर डोळा ठेवायचा. कंपनी मोठी झाली की सरकारच्या भुवया वर! आता २००२ चा स्पर्धा कायदा आहे. हा म्हणतो, मोठं व्हा, खुशाल व्हा. मोठं असणं गुन्हा नाही. मोठेपणाचा गैरफायदा घेणं गुन्हा. दोन दुकानांत भाव सारखा असणं हाही गुन्हा नाही. पण ठरवून सारखा ठेवणं हा गुन्हा."

मावशी कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "मंग न ठरवता सारखा ठेवायचा व्हता काय? कसा ठेवतेत तो?"

मी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण शेजारच्या चहावाल्याने कान टवकारले होते. त्याची अजून दगडी कोळशाची भट्टी आहे. तो घमेल्यातून कोळसा निवडत होता. म्हणजे कोळसा भट्टीत टाकत होता आणि दगड रस्त्यावर. म्हणाला, "सायेब, पोह्याचं जाऊ द्या. या गोट्याचं काई कलम हाय का तुमच्याजवळ? कोळशाच्या भावानं गोटे घेऊन राह्यलो मी."

आणि गंमत अशी, की होतं! नागपूरकरांना या बाबतीत लांब जायलाच नको. कोळसा खाणी १९७३ साली सरकारच्या झाल्या आणि पुढे कोल इंडिया उभी राहिली. तिची मुलगी वेस्टर्न कोलफिल्ड्स, हिचं माहेर, सासर, सगळं आमच्या नागपुरात. मुख्य कचेरी सिव्हिल लाइन्सला. आणि तिचा कोळसा घेणारी महानिर्मिती, तिची कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रं नागपूरच्या उशाशी. चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. एक सरकार कोळसा काढतं, दुसरं सरकार तो जाळतं. एका घरात राहून दोन जावांनी भांडावं तसं झालं. महानिर्मिती स्पर्धा आयोगाकडे गेली. तक्रार थोडक्यात चहावाल्याचीच : कोळशाची प्रत सांगता एक आणि येते दुसरी, करार सगळा तुमच्या बाजूचा, नमुना कुठे घ्यायचा नि कसा तपासायचा हे तुम्हीच ठरवणार, आणि दगड आले तर भुर्दंड आम्ही सोसायचा. पटत नसेल तर दुसरीकडे जा म्हणायची सोय नाही, कारण दुसरीकडे असं काही नाहीच.

आयोगाने ९ डिसेंबर २०१३ ला निकाल दिला, की कोल इंडियाने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला. दंड १,७७३ कोटी ५ लाख रुपये. २०१६ मध्ये अपिलात तो आदेश रद्द होऊन प्रकरण परत आलं. आयोगाने पुन्हा ऐकलं, मार्च २०१७ मध्ये पुन्हा तोच दोष धरला, पण दंड केला ५९१ कोटी १ लाख. म्हणजे बरोबर एक तृतीयांश. एवढा भागाकार आम्ही बँकवाले तोंडी करतो. मग कोल इंडियाने मूळ मुद्दाच काढला, की आम्ही लोककल्याणासाठी राष्ट्रीयीकरण झालेली संस्था, आम्हाला हा कायदा लागूच कसा होतो? १५ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, होतो. सरकारी मालकी आहे म्हणून सूट नाही.

चहावाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे सरकारनं सरकारले दंड केला, अन् तो गेला सरकारच्या तिजोरीत?"

"हो."

"अन् लाइटचं बिल?"

"ते आपण भरायचं."

"मंग माह्ये गोटे?"

"तू तुझा कोळसेवाला बदल."

"इकडं एकच हाय," असं म्हणून त्याने आणखी एक दगड रस्त्यावर टाकला.

खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं, कारण 'एकच हाय' या दुखण्याची ओळख मला कॉलेजात झालेली नव्हती. आमचं गाव काटोलकडे. घरी कापूस. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ च्या हंगामात सुरू झाली तेव्हा वडील तरुण होते, आणि २००२ साली तिचा एकाधिकार संपला तेव्हा त्यांचे केस कापसाइतकेच पांढरे झाले होते. महाराष्ट्रात पिकलेला कापूस सरकारलाच द्यायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. 'एकाधिकार' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी बोलायला शिकलो. वर्षभर त्याच्याबद्दल दोन मतं असत आणि दोन्ही वडिलांचीच. बाहेर भाव पडलेला असला की म्हणायचे, "एकाधिकार आहे म्हणून शेतकरी वाचला, नाही तर व्यापाऱ्यानं सोलून काढला असता." बाहेर भाव चढला की म्हणायचे, "एकाधिकारानं शेतकरी मारला, बाजार मोकळा करा." त्या वर्षी गावातल्या काही बंड्या रात्रीच्या मध्य प्रदेशाच्या रस्त्याला लागत. पडत्या भावाच्या वर्षी त्याच रस्त्याने तिकडचा कापूस इकडे येई. लहानपणी मला वडिलांचं हे वागणं गमतीचं वाटे. आपणही तसेच आहोत हे कळायला मला पोह्यांची वाट पाहावी लागली.

असो. पाच रुपये माझ्या डोक्यात बसले होते. स्पर्धा कायद्यात एक फार सुंदर युक्ती आहे. साटंलोटं केलेल्यांपैकी जो पहिला फुटेल आणि आयोगाला महत्त्वाची माहिती देईल त्याचा दंड शंभर टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो. दुसरा फुटेल त्याला पन्नासपर्यंत, तिसऱ्याला तीसपर्यंत. म्हणजे चोरांनाच एकमेकांच्या अगोदर पोलिस ठाण्यात पोचायची शर्यत लावून द्यायची! ही युक्ती मी खांबाजवळच्यावर चालवायची ठरवली. त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तू वीसच ठेव. आख्खी बँक तुझ्याकडे आणतो." तो अबोल माणूस. काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाटीवरचा पाच पुसून त्याने शून्य केलं.

आणि मग काय विचारता! निंबाखालच्याने दुपारपर्यंत अठरा केले. खांबाजवळच्याने सोळा, वर शेव फुकट. आठवडाभरात पंधरा, मग तेरा, मग बारा, वर मूठभर चिवडा आणि अर्धा कप चहा. मावशींना दोघांच्या मागे जावंच लागलं. जेवणाच्या सुट्टीत मी शाखेत हिरो झालो. कॅशियर दोन-दोन प्लेटी चापू लागला. मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली. घरी मी हिला म्हटलं, "बघ, बी.कॉम.!" तीसुद्धा क्षणभर गप्प बसली, ही त्या युद्धातली माझी सर्वांत मोठी कमाई.

एका प्लेटला खर्च किती येतो हा हिशेब मात्र मी केला नव्हता. पोहे, तेल, हरभरे, कांदा, गॅस, कागदी प्लेट धरून चौदा-पंधरा रुपये पडतात, हे मला एकोणिसाव्या दिवशी समजलं. त्या दिवशी मावशी काउंटरवर आल्या. माझ्याच काउंटरवर. हातात आवर्ती ठेवीचं पासबुक. महिना पाचशेची ठेव, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी, मुदत संपायला सात महिने होते.

"मोडायची हाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जाईल."

"कापा नं. तुमचा नियमच असंन."

निंबाखालच्याच्या मुलाची ई-रिक्षा होती. खांबाजवळचा संध्याकाळी दुसरीकडे समोसे तळायचा. घाटा सोसायला दोघांच्या मागे काहीतरी होतं. मावशींच्या मागे हे पासबुक होतं. खर्चापेक्षा कमी दरात विकून दुसऱ्याला संपवणं हासुद्धा कायद्याने गुन्हा आहे, पण तो ज्याचं बाजारात वर्चस्व आहे त्याचा. आमच्या फुटपाथवर कुणाचंच वर्चस्व नव्हतं. तेव्हा गुन्हा कुणाचाच नव्हता. मी फॉर्म पुढे केला, फुली मारून सहीची जागा दाखवली आणि व्याज कापलं. पैसे मोजताना त्या म्हणाल्या, "तुमी लई दिवसांत मायाकडं नाई आले खायाले." आख्ख्या बँकेला घेऊन मी खांबाजवळ जात होतो, ते त्यांना मधल्या गाडीवरून रोज दिसत होतं.

सोमवारपासून मधली जागा रिकामी.

जेवणाच्या सुट्टीत मी ही गोष्ट आमच्या युनियनच्या सेक्रेटरींना सांगितली. त्यांनी डबा बंद केला. म्हणाले, "तुझा पगार कोण ठरवतं?"

"करार."

"कुणाकुणात?"

आता हे काय सांगायचं? सगळ्या बँकांच्या मालकपक्षाची एक संघटना, सगळ्या कर्मचाऱ्यांच्या युनियनांची एक फळी, आणि दोघांमध्ये करार. पहिला १९६६ चा. बारावा ८ मार्च २०२४ ला झाला, सतरा टक्के वाढ, आणि त्या दिवशी शाखेत मीच पेढे वाटले होते. म्हणजे मी माझा भाव देशभरातल्या माझ्या सगळ्या स्पर्धकांशी संगनमत करून ठरवतो आणि पेढे वाटतो! बचत खात्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०११ मध्ये मोकळा केला, ज्याने त्याने आपापला ठरवावा म्हणून; तरी पुढची कित्येक वर्षं मोठमोठ्या बँकांचा दर चार टक्क्यांवरच. मावशींचा प्रश्न आठवला : न ठरवता सारखा ठेवतेत कसा?

"पण साहेब, आपलं वेगळं," मी म्हटलं. "आपण माल विकत नाही. श्रम विकतो."

"बरोबर," सेक्रेटरी खुलले. हा त्यांचा आवडता विषय. "अमेरिकेने १९१४ साली कायद्यातच लिहून ठेवलं, माणसाचे श्रम हा बाजारातला माल नव्हे. म्हणून युनियन म्हणजे कार्टेल नाही. फार लढून मिळालंय ते."

"मग मावशी पहाटे तीनला उठून हरभरे उकडायच्या, ते काय होतं?"

सेक्रेटरी बराच वेळ बोलले नाहीत. मग डबा उचलला आणि म्हणाले, "तो माल होता."

कायदा चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. सिमेंटच्या पोत्याचा भाव चार खोल्या बांधणाऱ्याला घाम फोडतो, आणि कोळशातल्या दगडाची किंमत शेवटी आपल्याच बिलात येते. तिथे आयोग हवाच. दंड तिप्पट असला तरी माझी हरकत नाही. पण या कायद्याच्या अभ्यासकांचं एक आवडतं तत्त्व आहे, की कायदा स्पर्धेचं रक्षण करतो, स्पर्धकाचं नाही. वाचताना मला ते फार भारदस्त वाटलं होतं. मावशी स्पर्धक होत्या. आणि स्पर्धा मला नेहमी दुसऱ्याच्या धंद्यात आवडते, हे आमच्या वडिलांपासून घराण्यात चालत आलेलं आहे.

पुढचं वेगळं सांगायला नकोच. तीनाचे दोन झाले आणि महिन्याभरात पाटी लागली : 'पोहे ३० रु.' अक्षर पुन्हा तेच, मुलगा आता नववीत. या वेळी मी कुणाला काही विचारलं नाही.

परवा पुष्कळ दिवसांनी निंबाखाली उभा राहिलो. पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं आणि लक्षात आलं, की ही तर्री निंबाखालच्याची नव्हे. त्याची तर्री नुसती तिखट असते. हिच्यात मागाहून जिरं लागत होतं. गाडीमागे पाहिलं, तर मावशी खाली बसून कांदा चिरत होत्या. रोजीने. ज्या चवीची प्लेट त्या स्वतः पंचवीसला विकायच्या, तीच आता दुसऱ्याच्या गाडीवर तीसला. याला कायद्यात 'संयोजन' म्हणतात. ठरावीक आकड्याच्या वर गेलं तर आयोगाची परवानगी लागते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणाला सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये दहा वर्षांसाठी त्यातून सूट दिली आणि १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या. मावशींच्या विलीनीकरणाला सूटही लागली नाही.

"पोरगी?" मी विचारलं.

"शिकून राह्यली. फी भरली नं तवाच," मावशी म्हणाल्या आणि हातातला चमचा वर करून विचारलं, "तर्री टाकू अजून?"

मी प्लेट पुढे केली. पन्नासची नोट दिली. निंबाखालच्याने वीस परत केले, ते मी ठेवून घे म्हटलं. त्याने चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि ठेवून घेतले. ते मावशींना मिळाले की नाही, मला ठाऊक नाही.

घरी आल्यावर शर्टावरचा तर्रीचा डाग हिच्या नजरेतून सुटला नाही.

"कितीला पडले?"

"पन्नासला."

"एका प्लेट पोह्याचे पन्नास?" डाग चोळता चोळता ही म्हणाली, "आणि म्हणे बी.कॉम.!"